जिथून रोज स्कूटरने जाते तिथेच लढाई झाली होती

माझं माहेर खडकी बाजारातलं आणि सासर औंध रोडला, म्हणजे आयुष्याची सगळी सेहेचाळीस वर्षं मी चार-पाच किलोमीटरच्या पट्ट्यातच काढलीयेत. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात खडकीच्या लढाईवर एखादं वाक्य होतं, १८१७, इंग्रज जिंकले, पुढच्या वर्षी पेशवाई बुडाली, संपलं. ते वाक्य पाठ करून मी मार्क मिळवले, पण ही खडकी म्हणजे आपलीच खडकी, जिथे बाबा सायकलवरून अॅम्युनिशन फॅक्टरीत जायचे तीच, हे कधी डोक्यातच आलं नाही. काखेत कळसा म्हणतात तसं. आणि गड-किल्ले बघायला मात्र आम्ही लांब लांब हिंडत होतो.

तीन-चार वर्षांपूर्वी एका टूरवाल्यांबरोबर अशीच एक 'ऐतिहासिक सहल' केली होती, नाव घेत नाही. बसमध्ये स्पीकरवर सतत गाणी, गाइड म्हणून आलेला मुलगा किल्ल्यावर पोचल्यावर छाती फुगवून डायलॉग म्हणायचा, कुणी काही विचारलं की "ते सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवतो" म्हणायचा. किल्ल्यावर चाळीस मिनिटं आणि जेवणाला दोन तास. घरी येताना मला खरंच वाईट वाटलं होतं, कारण बाबांना एवढ्या हौसेने नेलं होतं आणि ते परतीच्या वाटेत एवढंच म्हणाले, "अगं, पण ते लढले कुठे ते दाखवलंच नाही." ते वाक्य डोक्यात राहिलं होतं.

म्हणून यावेळी ऑफिसातल्या मैत्रिणीने एका छोट्या ग्रुपचा मेसेज पाठवला तेव्हा मी आधी फोन करून खोदून खोदून विचारलं. शुक्रवारी संध्याकाळी सदाशिव पेठेत दोन तासांचं व्याख्यान, शनिवारी कार्ला, तळेगाव आणि वडगाव मावळ, रविवारी संगम ते खडकी आणि शेवटी पर्वती. माणसं वीसच्या वर घेणार नाहीत. बरोबर दोघं जाणकार, एक निवृत्त कर्नल आणि एक मोडी वाचणाऱ्या मॅडम, ज्यांची सगळी हयात जुने कागद चाळण्यात गेलीये. माणशी २,८०० रुपये, दोन दिवसांचं जेवण-चहा धरून. फॉर्ममध्ये वय, बीपी-शुगर, किती चालू शकता असं सगळं विचारलं होतं, मी बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर असं खरं लिहिलं आणि आता नाही म्हणणार असं धरून बसले. पण फोन आला, "काकांना आणा, चालायच्या टप्प्याला आम्ही त्यांच्यासाठी गाडी ठेवू." त्या गाडीचं पुढे सांगते.

शुक्रवारचं व्याख्यान मला वाटलं होतं तसं अजिबात नव्हतं. कर्नलसाहेबांनी प्रत्येकाच्या हातात पुणे-लोणावळा पट्ट्याच्या नकाशाची झेरॉक्स दिली, समोच्च रेषांचा नकाशा, भूगोलात असायचा तो, आणि म्हणाले की आधी रंगीत पेन्सिलीने सगळं पाणी निळं करा, मग सगळे चढ तपकिरी करा, लढाईबद्दल मी नंतर बोलतो. वीस मोठी माणसं खाली मान घालून रंगवतायत असं दृश्य. इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा एकेक करून कागदावर उतरल्या आणि मग आपोआप दिसायला लागलं की घाटावरून पुण्याकडे यायचं तर सैन्याला वाटच किती थोडी उरते. मग त्यांनी सांगितलं की दोन दिवस प्रत्येक जागी मी एकच प्रश्न विचारणार आहे, निर्णय कोण घेत होतं आणि तो माणूस तेव्हा कुठे उभा होता. बाबांनी तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली रेघ मारली.

शनिवारी सकाळी आम्ही खडकी स्टेशनवरून लोणावळा लोकल पकडली, बाकीचे शिवाजीनगरहून चढले होते. बस नाही, लोकलच. मॅडम म्हणाल्या की १७७९ साली इंग्रज ज्या वाटेने पुण्यावर येत होते साधारण त्याच वाटेने आपण उलटे चाललोय, खिडकीतून बघत राहा. दापोडी, पिंपरी, चिंचवड, देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत. या लोकलने मी शेकडो वेळा गेलेय, पावसाळ्यात भजी खायला, पण त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही बाजूंचे डोंगर कसे जवळ येत जातात ते नीट पाहिलं.

मळवलीला उतरलो. दक्षिणेला लोहगड-विसापूर, उत्तरेला कार्ल्याच्या लेण्यांचा डोंगर आणि मध्ये इंद्रायणीचं खोरं. थंडी होती, शेतांवर धुकं होतं. तिथे एका बांधावर उभं राहून मॅडमनी सगळी मोहीम सांगितली, आणि कागद न बघता सांगितली. राघोबादादांना गादीवर बसवायचं म्हणून मुंबईकर इंग्रज १७७८ च्या नोव्हेंबरात निघाले, सैन्य जेमतेम ३,९०० आणि बरोबर बैल किती तर १९,०००. सामानसुमान, दारूगोळा, साहेबलोकांचे तंबू, सगळं त्या बैलांवर. आणि सेनापती एक नाही, कर्नल एगर्टन, कार्नॅक आणि मॉस्टिन अशा तिघांची कमिटी! त्यातला मॉस्टिन आजारी पडून मुंबईला परत गेला आणि १ जानेवारीला वारलाच. एगर्टनची तब्येतही ठीक नव्हती, मग त्याच्या जागी कॉकबर्न आला. हे लोक खंडाळ्याहून कार्ल्याला यायला अकरा दिवस लावतात. अकरा दिवस! आम्ही लोणावळ्याच्या बाजूला बघत होतो, ते काही लांब नाहीये, चांगला चालणारा माणूस सकाळी निघाला तर दुपारच्या जेवणाला पोचेल.

तेव्हा कर्नलसाहेबांनी विचारलं, घाई कुणाला नव्हती आणि का? आमच्यातला एक नववीतला मुलगा होता, आईबरोबर आलेला, तो म्हणाला की मराठ्यांनाच घाई नव्हती. बरोबर होतं ते. नाना फडणवीस आणि महादजी शिंद्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिलीच नाही. आजूबाजूने घोडेस्वार फिरत ठेवायचे, कोकणातून वर येणारी रसद तोडायची, भिवराव पानशांच्या तोफा अधूनमधून डागायच्या आणि रोज थोडं मागं सरकत शत्रूला आत आत घ्यायचं. त्या खोऱ्यात उभं राहिलं की हे कळतं हो. पुस्तकात 'गनिमी कावा' हा शब्द वाचून काही कळत नाही. दोन्हीकडे डोंगर, मध्ये चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीत १९,००० बैलांची रांग, तिचं शेपूट कुठे असेल आणि तोंड कुठे, याचा विचार केला की पोटात गोळा येतो.

इथेच ४ जानेवारी १७७९ ला कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट तोफेचा गोळा लागून मेला. हा तोच आपला 'इष्टुर फाकडा'. इंग्रजांमध्ये पुढे होऊन लढणारा बहुतेक तोच एक होता आणि मराठ्यांनीच त्याला फाकडा म्हणून नाव दिलं, शत्रूला. मला ही गोष्ट फार भावली, की ज्याला गोळा घातला त्याचंच कौतुकही केलं आणि नाव असं ठेवलं की अडीचशे वर्षं टिकलं. वडगावला त्याची समाधी आहे, आम्ही दुपारी तिथे गेलो, बाबांनी चप्पल काढून हात जोडले. मी काही बोलले नाही.

मळवलीहून लोकलने तळेगाव. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोचले तर गाव जळालेलं. मराठ्यांनी स्वतःच जाळलं होतं, दाणा-वैरण शत्रूच्या हाती पडू नये म्हणून, आणि पुढे चिंचवड आणि खुद्द पुणंही जाळायची तयारी ठेवली होती. पुणं जाळायची तयारी! हे ऐकल्यावर सगळे एकदम गप्प झाले, आपण त्या शहरातून सकाळी निघालोय ना. तळेगावातून इंग्रजांना पुणं सरळ गाठता आलं असतं, वीस मैलांच्या आत होतं, पण धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री अकराच्या सुमाराला जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान पेटवलं आणि गुपचूप मागे फिरले. ते गुपचूप कसलं राहतंय, मराठे सगळीकडे होतेच, रात्रीतच पिछाडीवर तुटून पडले. हार्टली म्हणून एक कॅप्टन होता त्याने पिछाडी सांभाळली म्हणून निदान वडगावपर्यंत तरी आले.

आता ठरल्याप्रमाणे तळेगाव ते वडगाव आम्ही पायी जायचं होतं, माघारीच्या वाटेने, आणि बाबांसाठी आणि अजून दोन आजींसाठी ती गाडी येणार होती. गाडी आलीच नाही. ड्रायव्हर फोन उचलेना, मग म्हणाला दहा मिनिटांत, असं करत चाळीस मिनिटं गेली, उन्हं वर आली आणि बाबा टपरीच्या बाकड्यावर बसलेले. मी चिडले, आयोजकांना चार शब्द ऐकवले, कारण वय लपवून आणलं नव्हतं आणि कबूल त्यांनी केलं होतं. त्यांनी माफी मागितली आणि दोन रिक्षा केल्या, पैसे त्यांनीच दिले, विषय मिटला. तरी सांगते, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन आदल्या दिवशीच मागून घ्या, आणि बायकांनी बाथरूमचं कुठे कुठे आहे तेही विचारून ठेवा, आमच्याकडे शनिवारी सकाळी मळवलीनंतर थेट वडगावलाच सोय होती.

चालणं सव्वा तासाचं झालं. फार लांब नाही. पण कर्नलसाहेबांनी अर्ध्या वाटेत थांबवून सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, हे अंतर अंधारात, मागे पेटलेलं सामान, बैल उधळलेले, दोन्ही बाजूला घोड्यांच्या टापा आणि आपल्याला कोण हुकूम देतंय तेच माहीत नाही, असं चाला. आम्ही वीस माणसं हायवेच्या कडेने एकामागे एक डोळे उघडे ठेवून चाललो होतो तरी रांग तीनदा तुटली.

वडगावला इंग्रज पुरते कोंडले गेले आणि तह करावा लागला, जानेवारीच्या मध्यावर. १७७३ पासून घेतलेला मुलूख परत, साष्टीसुद्धा, राघोबादादांना द्यायचं, बंगालहून येणारं सैन्य थांबवायचं आणि दोन इंग्रज ओलीस ठेवायचे. पुढे कंपनीने हा तह मोडीत काढला ते वेगळं. पण एवढा मोठा विजय, इंग्रजांनी लेखी शरणागती दिलेली जागा, पुण्यापासून लोकलने तासाभरावर, आणि आमच्या वीस जणांपैकी सतरा जण तिथे पहिल्यांदा आले होते. मला याचं फार वाटलं. हरल्याचं आपण रडतो आणि जिंकलेलं बघायलाही जात नाही, ही काय गोष्ट झाली.

दुपारी पिठलं-भाकरी आणि ठेचा खाताना तोच प्रश्न परत आला, निर्णय कोण घेत होतं आणि कुठे होता. एका बाजूला तिघांची कमिटी, त्यातला एक मेलेला, एक आजारी. दुसऱ्या बाजूला महादजी स्वतः छावणीत. बाबांनी वहीत दोन रकाने करून लिहिलं, मी बाजूने बघत होते.

रात्री बाबांचे पाय चेपताना मी म्हटलं, उद्या राहू द्या हवं तर. ते म्हणाले, "उद्याचं तर आपलं आहे."

रविवारी सकाळी साडेसहाला संगमावर जमलो. मुळा आणि मुठा जिथे मिळतात तिथे इंग्रजांची रेसिडेन्सी होती, पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील एल्फिन्स्टन तिथे राहायचा. मॅडमनी १८१७ च्या लढाईपर्यंतचं सगळं थोडक्यात सांगितलं, १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून, त्याचा आळ ज्यांच्यावर आला ते पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे, मग १८१७ च्या जूनमधला पुण्याचा तह, ज्यात दुसऱ्या बाजीरावाचे हातपाय बांधून टाकले. ऑक्टोबरअखेर वातावरण असं तापलं की १ नोव्हेंबरला इंग्रजांनी आपली फौज शहराजवळच्या गारपिरावरून हलवून खडकीला नेली. का खडकी? मागे नदी, जवळ पूल आणि पलीकडे दापोडीला इंग्रज मेजर फोर्डची पलटण. नकाशावर आम्ही शुक्रवारी निळं केलं होतं ते पाणी इथे कामाला आलं, बोट ठेवलं की लगेच कळलं.

५ नोव्हेंबरला दुपारी एल्फिन्स्टन निघाला तेव्हा मराठे रेसिडेन्सीच्या तोंडाशी आले होते. तो नदी उतरून पलीकडच्या काठाने वर गेला आणि खडकीच्या पुलाने आपल्या फौजेला मिळाला. मागे रेसिडेन्सी पेटवली गेली, त्याची पुस्तकं, कागद, सगळं जळालं. मॅडम इथे थोड्या थांबल्या. म्हणाल्या, मी आयुष्यभर कागदच वाचले, त्यामुळे कुणाचेही कागद जळाले की मला त्रास होतो.

मग गणेशखिंड. विद्यापीठाच्या बाजूने, टेकडीच्या कडेने, मराठ्यांची फौज इथून संगमाकडे पसरलेली. १८,००० घोडेस्वार, ८,००० पायदळ, आणि समोर इंग्रज २,८००. आकडे ऐकून तो नववीतला मुलगा म्हणाला, मग हरलो कसे? कर्नलसाहेब म्हणाले, "चल, दाखवतो."

रेंज हिल्सकडे एका मोकळ्या जागेवर त्यांनी आम्हाला दोन ओळींत खांद्याला खांदा लावून उभं केलं. तेव्हाची ठासणीची बंदूक कशी भरायची ते एकेक करून शिकवलं, काडतूस दाताने फाडायचं, दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, गज परत खोबणीत सारायचा, मग खांद्याला लावायची. बंदुका नव्हत्या, कुणाकडे काठी, कुणाकडे छत्री, मी बाबांची लांब दांड्याची छत्री घेतली होती. हुकुमावर सगळ्यांनी बरोबर करायचं. पहिल्यांदा मला बत्तीस सेकंद लागले, पाचव्या वेळेला बावीस. हात थरथरतात, शेजारच्याचं कोपर लागतं आणि डोळे सारखे समोर जातात. मग त्यांनी त्या मुलाला शंभर मीटर लांब उभं केलं आणि म्हणाले, पळत ये आमच्यावर. तो सतरा सेकंदांत पोचला. माणूस सतरा सेकंदांत, तर भरधाव घोडा साधारण दहाच्या आत. आणि त्या बंदुकीचा नेम लागायचा तो जेमतेम शंभर मीटरच्या आतच. म्हणजे एक फैर, फार तर दुसरी. दुसरी भरून व्हायच्या आत घोडे अंगावर. मी छत्री हातात धरून उभी होते आणि तो पोरगा हसत हसत पळत येत होता तरी माझ्या छातीत धडधडलं.

"असे सहा हजार घोडे," कर्नलसाहेब म्हणाले.

पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांनी ते घोडे घातले तेव्हा वेळ अचूक साधली होती. पिंटो नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या हाताखालचं मराठ्यांचं पायदळ इंग्रजांच्या एका देशी पलटणीवर चालून गेलं, ती पलटण त्यांना रेटत ओळ सोडून पुढे आली, फट पडली आणि गोखल्यांनी ती फट हेरली. सगळं बरोबर होतं. पण मध्ये दलदल होती, वरून न दिसणारी. पुढचे घोडे रुतले, मागचे त्यांच्यावर येऊन आदळले आणि कर्नल बरने आपल्या शिपायांना थोपवून धरून नेमकी तेव्हाच गोळी चालवली.

इथे बाबांनी हात वर केला, शाळेतल्या मुलासारखा. म्हणाले, "साहेब, आमच्या लहानपणी पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत या उताराच्या खाली सायकल चालवता यायची नाही. वरून गवत हिरवं दिसायचं आणि पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत. आई ओरडायची, तिकडून येऊ नका म्हणून." कर्नलसाहेब एकदम त्यांच्याजवळ गेले, कुठे, कुठून कुठपर्यंत, किती खोल, असं दहा मिनिटं विचारत राहिले आणि स्वतःच्या नकाशावर पेन्सिलीने खुणा केल्या. हीच ती दलदल असं काही ते म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "काका, नोव्हेंबरात जमीन कशी असते ते सांगणारं माणूस मला आज पहिल्यांदा भेटलं." बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आयुष्यभर मशीनवर काम केलेला माणूस, कुणी त्याला इतिहासाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं.

आणि मला त्या वेळी लक्षात आलं की हा उतार म्हणजे माझा रोजचा रस्ता आहे. ऑफिसला जाताना इथे सिग्नल टाळायला मी आतून वळते.

मोरोपंत दीक्षितांची गोष्ट मॅडमनी इथेच सांगितली. ते पेशव्यांच्या बाजूचे मोठे सरदार आणि मेजर फोर्ड त्यांचा मित्र. फोर्डची पलटण तर पेशव्यांच्याच पैशावर उभी राहिलेली. लढाई होणार हे दोघांना दिसत होतं, तेव्हा त्यांनी एकमेकांना वचन दिलं होतं की जो वाचेल त्याने दुसऱ्याच्या बायकामुलांकडे बघायचं. दापोडीहून फोर्ड आला, दीक्षित त्याच्याच पलटणीवर चालून गेले आणि त्याच्याच तोफेच्या गोळ्याने पडले. आमच्यातल्या एक आजी डोळे पुसत होत्या. त्या दिवशी शहरातून निघतानाच जरीपटक्याची काठी मोडली होती म्हणतात, तेही मॅडमनी सांगितलं, पण मला त्या काठीपेक्षा ते वचनच जास्त लागलं.

संध्याकाळ झाली आणि दोन्ही फौजा मागे फिरल्या. इंग्रजांचे मेलेले-जखमी मिळून ८६, मराठ्यांचे पाचशेच्या घरात. एवढ्या मोठ्या फौजेचं खरं तर काहीच संपलं नव्हतं. पण बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, इंग्रजांना मिळालेल्या बाळाजीपंत नातूंनी चढवलं.

खडकी बाजारात इराण्याकडे चहा-बनमस्का झाला, बाबांचे दोन ओळखीचे भेटले, त्यांनाही बाबांनी उभ्या उभ्या सगळी लढाई सांगितली. मग दुपारी चारला पर्वती. मी परत म्हटलं खाली बसा, मी जाऊन येते, पण ऐकलं नाही. दहा पायऱ्या आणि थांबा, दहा पायऱ्या आणि थांबा, तो नववीतला मुलगा त्यांचा हात धरून होता. पाऊण तास लागला.

वर कर्नलसाहेबांनी उत्तरेकडे तोंड करून उभं केलं. बाजीराव त्या दिवशी इथून लढाई बघत होता. खडकी इथून सरळ रेषेत सहा-सात किलोमीटर. आणि शेवटच्या क्षणी त्याने गोखल्यांना निरोप धाडला होता की पहिली तोफ आपली नको. निरोप्या येताना दिसला, गोखल्यांना काय असणार ते कळलं आणि तो पोचायच्या आत त्यांनी तोफा सुरू केल्या. कालचा प्रश्न यावेळी त्यांनी विचारलाच नाही, त्यांना विचारावा लागलाच नाही. आम्ही सगळे नुसते बघत होतो. याच टेकडीवर नानासाहेब पेशवे पानिपतच्या दुःखाने गेले, २३ जून १७६१ ला, हेही कुणीतरी हळू आवाजात म्हणालं.

कर्नलसाहेबांनी आपली दुर्बीण बाबांच्या हातात दिली. बाबा बराच वेळ बघत होते, नुसत्या इमारती, धूर, उन्हात चमकणाऱ्या पाण्याच्या टाक्या. मी विचारलं, "बाबा, आपलं घर दिसतंय का?"

"घर नाही गं," ते म्हणाले, "माणूससुद्धा दिसत नाही इथून. इथे बसून काय कळणार तिथे जमीन ओली आहे म्हणून."

खाली उतरेपर्यंत अंधार पडला. मॅडमनी सगळ्यांना तिळगूळ दिला, संक्रांत जवळ आली होती. आम्ही रिक्षा केली, रविवार असून गणेशखिंड रोडला गर्दी होती, बाबा डोळे मिटून बसले होते, मला वाटलं झोप लागली. विद्यापीठ मागे पडलं आणि रिक्षा खडकीच्या बाजूला उताराला लागली, तेव्हा ते पुढे वाकले आणि रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "दादा, इथून जरा हळू घ्या."